फुलं गळाली, पानं सुरकुतली आणि मावशीने पाणी वाढवलं: एका ऑर्किडचं वर्षभराचं प्रकरण

झाड माझं नाही, जळगावच्या मावशीचं. दिवाळीच्या पाडव्याला तिच्या जावयाने पुण्याहून आणलेलं, पांढऱ्यात जांभळी झाक असलेलं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड, दोन दांडे, १९ फुलं, आणि सोबत एक चकचकीत चिनी मातीची कुंडी. मावशीच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी ते संक्रांत उलटून जाईपर्यंत फुललेलं होतं आणि मावशी आल्यागेल्याला सांगायची की प्लास्टिकचं नाहीये, हात लावून बघा. जानेवारी संपता संपता एकेक फूल मलूल होऊन पडलं, दांडे उघडे राहिले, आणि इथून आपलं प्रकरण सुरू होतं.

त्या घरात दोन विचार होते. काका सावद्याकडचे, घरची केळी, त्यांचं म्हणणं सरळ होतं की घड उतरला की खोड संपलं, पुढचं काम पिलाचं, आणि याला पील दिसत नाही तर फेका. मावशीचं म्हणणं उलट, की एवढी फुलं दिली बिचारीने, आता ती बाळंतीण आहे, तिला खाऊपिऊ घालायला पाहिजे. मग मावशीने खाऊपिऊ घातलं. रोज सकाळी पेलाभर पाणी, शेतावर ड्रिपमधून सोडायला आणलेल्या १९:१९:१९ खताचा एक चमचा, आणि 'ऊन लागू दे जरा' म्हणून पश्चिमेच्या गॅलरीत मुक्काम. तीन आठवड्यांत पानं सुरकुतली, शिळ्या विड्याच्या पानासारखी लुळी पडली.

इथे माझी चूक आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं शहाणपण खोटं वाटेल. फेब्रुवारीत मावशीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, नुसत्या पानांचा, आणि मी धुळ्यात बसून ऑफिसच्या गडबडीत लिहिलं, 'पाणी कमी पडत असेल गं'. झालं, मावशीने पेल्याचे दोन पेले केले. माझ्याकडे सात-आठ ऑर्किड आहेत, पाच वर्षं सांभाळतेय, तरी मी मुळं न बघता पानांवरून निदान केलं.

होळीच्या दोन दिवस आधी मावशी एसटीने आली, पाळधी, एरंडोल, पारोळा करत, मांडीवर पिशवी, पिशवीत खाली भरताची वांगी आणि वर हे झाड. पाचापैकी खालची दोन पानं पिवळी, बाकीची तीन चामड्यासारखी, एक दांडा वाळलेला आणि दुसरा हिरवा. आमच्याकडे दूध घालणारे बाबा आहेत, त्यांनी दारातूनच बघितलं, कुंडी उचलली, परत ठेवली आणि म्हणाले, 'पानी पी पी मरी राह्यनं हाई.' त्यांनी आयुष्यात ऑर्किड पाहिलेलं नाही. कुंडीचं वजन हातावर घेतलं, बस.

चिनी मातीच्या कुंडीतून आतला प्लास्टिकचा डबा उपसला तर तळाला दोन बोटं पाणी. त्या सुंदर कुंडीला खाली भोकच नाही. भोक असलेला डबा बिनभोकाच्या कुंडीत ठेवलेला, म्हणजे रोजचं पेलाभर पाणी दीड महिना तिथेच साचत होतं आणि वास असा की माझ्या आईला एकदम नदीत भिजत घातलेली अंबाडी आठवली. वर हात लावला तर मॉस, म्हणजे मुळांभोवती भरलेलं वाळकं शेवाळ, कोरडं. मावशी रोज तेच वरचं मॉस चाचपून पाणी देत होती, म्हणजे तिच्या बाजूने तिचं काहीच चुकत नव्हतं.

आता हे झाड मुळात कसं जगतं ते थोडं सांगायला पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच आहेत. फॅलेनॉप्सिस फिलिपाइन्स, इंडोनेशिया, तैवान या भागातल्या दमट जंगलांतलं, झाडांच्या फांद्यांवर बसणारं. मातीत उगवतच नाही. आमची आजी असल्या सगळ्याला बांडगूळ म्हणायची, पण बांडगूळ झाडाचा रस पितं आणि ऑर्किड नुसतं फांदीवर बसतं, पावसाचं पाणी घेतं, सालीच्या फटीतल्या कचऱ्यावर भागवतं. आपल्याकडे आंब्यावर वांडा दिसतो तो याच्यातलाच, आमरी हे मराठी नाव त्याच आंब्यावरून आलं म्हणतात. तर अशा झाडाची मुळं हवेत लोंबकळायला बनलेली, त्यांच्यावर एक पांढरा स्पंजसारखा थर असतो, कोरडा असला की चांदीसारखा दिसतो आणि पाणी प्यायलं की काही मिनिटांत हिरवा होतो. भिजणं आणि लगेच सुकणं अशी त्याला सवय. दीड महिना पाण्यात उभं केलं तर मुळाला हवा मिळत नाही, ते गुदमरून सडतं, आणि सडलेलं मूळ पाणी ओढत नाही. म्हणजे कंबरभर पाण्यात उभं राहून झाड तहानलेलं. पान सुरकुततं ते तहानेमुळेच, पण तहान पाणी न मिळाल्याची आहे की पिता येत नसल्याची हे पान सांगत नाही, दोन्हीकडे ते सारखंच लुळं पडतं.

संध्याकाळी अंगणात बसलो. आधी अख्खा गोळा कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवला म्हणजे मॉस सुटतं, आणि मग बोटांनी उकलत गेले. मधोमध, खोडाच्या अगदी खाली, एक लहानशी जाळीदार टोपली निघाली, तिच्यात जुनं काळं पडलेलं मॉस गच्च. रोप लहान असताना त्यात लावलेलं असतं आणि मोठ्या कुंडीत बदलताना ते तसंच आत राहतं, विकत आणलेल्या बऱ्याच ऑर्किडमध्ये सापडतं. बाहेरचं मॉस वाळलं तरी हा गाभा ओलाच, आणि सड नेमकी खोडाच्या बुडाशी सुरू होते. नर्सरीवाल्यांना मी दोष देत नाही, लांबच्या प्रवासात मॉस पाणी धरून ठेवतं म्हणून ते वापरतात, पण घरी आल्यावर फुलं संपली की ते काढायचं असतं हे कोणी सांगत नाही.

मुळं एकूण १६. प्रत्येकाला दोन बोटांत हलकं दाबून बघायचं, टणक असेल तर ठेवायचं, रंग कसाही असो, कारण प्रकाश न मिळालेलं मूळ पिवळट-तपकिरी दिसतं पण ठणठणीत असतं. दाबल्यावर पचकन चपटं झालं, वरचं साल मोज्यासारखं सुटून आत नुसता दोरा राहिला, तर गेलं. अकरा गेली. पाच राहिली, त्यातली दोन कुंडीच्या बाहेर हवेत वाढलेली. ब्लेड गॅसवर लाल करून, गार करून, प्रत्येक दोन-तीन कापांनंतर परत गॅसवर. मावशी शेजारी बसून कापलेली मुळं मोजत होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता.

खरं भांडण दांड्यावरून झालं. वाळका दांडा कापायला तिची हरकत नव्हती, पण हिरव्या दांड्याच्या दुसऱ्या पेरातून एक बारीक फाटा फुटलेला आणि त्यावर हरभऱ्याएवढ्या दोन कळ्या. अगं जिवंत आहे ते, फुलायला लागलंय, आणि तू कापतेस? आता नेहमीचा सल्ला असा की फुलं गळल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापावा, तिथल्या डोळ्यातून पुन्हा फाटा येतो, दोन-तीन महिन्यांत पुन्हा थोडी फुलं मिळतात. सल्ला बरोबर आहे, पण तो धडधाकट झाडासाठी आहे. इथे पाच मुळं आणि तीन पानं, त्यात वरून कळ्या पोसायच्या म्हणजे घरात पीठ नसताना पंगत मांडणं. मी बुडापासून बोटभर ठेवून कापला. मावशीने तो कळ्यांचा फाटा पेल्यात घालून मामाच्या घरी देवघरात ठेवला, चार दिवसांत कळ्या पिवळ्या पडल्या, आणि खरं सांगायचं तर त्या झाडावर राहिल्या असत्या तरी पडल्याच असत्या.

पिवळी पानं मात्र ओढून काढली नाहीत. पिवळं पडताना झाड त्या पानातला माल परत आत घेत असतं, पूर्ण वाळलं की हलक्या हाताने आपोआप सुटतं. आणि दालचिनी. इंटरनेटवर सगळे दालचिनीची पूड लावायला सांगतात, मी लावली, पण फक्त दांड्याच्या कापावर. दालचिनी ओल शोषते, कापलेल्या देठाला ते चांगलं, पण चांगल्या मुळाला लागली तर त्यालाही वाळवते. काकांनी फोनवर बुरशीनाशक सुचवलं, घरात डबा आहेच म्हणे, मी नको म्हटलं, सडलेलं सगळं निघालं असेल आणि काप सुकले असतील तर गरज पडत नाही. झाड तसंच उघडं, वर्तमानपत्रावर, सावलीत, एक रात्र आणि एक दिवस. माती नाही पाणी नाही काही नाही, मावशी रात्री दोनदा उठून बघून आली.

कुंडीत भरायला मी जे वापरलं ते अर्धं पाइनच्या सालीचे तुकडे, ऑनलाइन मागवलेले, आणि उरलेल्यात नारळाच्या सोडणाचे चौकोनी चिप्स आणि लाकडी कोळसा. चिप्समध्ये मीठ असतं म्हणून तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, पहिल्या दिवशीचं पाणी चहासारखं निघतं. कोळसा गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला बसतो त्याच्याकडून, बोराएवढे तुकडे, धुऊन. परदेशी व्हिडिओंमध्ये नुसती साल सांगतात, पण आपल्याकडे एप्रिलमध्ये नुसती साल सकाळी भिजवली की संध्याकाळी खडखडीत, म्हणून मी मधे मधे मॉसचे चार धागे घालते, गोळा नाही, धागे. कुंडी पारदर्शक, फक्त चार इंची, तापवलेल्या खिळ्याने बाजूलासुद्धा भोकं पाडलेली. मावशीला वाटलं एवढ्या मोठ्या पानांना एवढीशी कुंडी, पण कुंडीचं माप पानांवरून नाही, मुळांवरून. एवढ्याशा मुळांवर झाड डुगडुगत होतं, आणि डुगडुगणाऱ्या झाडाचं नवं मूळ टोकाला खरचटून थांबतं, म्हणून एक काडी रोवून जुन्या साडीच्या चिंधीने बांधलं. पाणी चौथ्या दिवशी. चिनी मातीची कुंडी सध्या आमच्याकडे चमचे ठेवायला आहे.

यानंतर उन्हाळा. झाड वाचवणं एका संध्याकाळचं काम होतं, खानदेशातला उन्हाळा काढणं हे अडीच महिन्यांचं. या झाडाला दिवसा २५ ते ३० अंश आणि रात्री २० च्या आसपास आवडतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात धुळे-जळगाव-भुसावळ पट्ट्यात ४४-४५ म्हणजे बातमीसुद्धा होत नाही. वर हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक.

त्यात एक गंमत आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात. फॅलेनॉप्सिस दिवसा छिद्रं बंद ठेवतं आणि रात्री उघडतं, निवडुंगासारखं, म्हणजे पाणी वाया जात नाही. आपण एप्रिल-मेमध्ये काय करतो, दुपारी खिडक्या-दारं लावून अंधार करून पडायचं आणि रात्री गच्चीवर गाद्या टाकायच्या, अगदी तेच. पण ज्या रात्री गच्चीही तापलेली असते, पारा तीसच्या खाली उतरत नाही, त्या रात्री त्यालाही आराम नाही. म्हणून मी उन्हाळ्यात दिवसाच्या आकड्याकडे फार बघत नाही, रात्र किती गार मिळते ते बघते.

जागा मिळाली माठाशेजारी. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत आमचा माठ असतो, तिवईवर, खाली पाणी झिरपायला परात. माठाभोवती हातभर तरी हवा गार आणि ओलसर असते. परातीत विटेचे तुकडे घालून त्यावर कुंडी ठेवली, कुंडीचं बूड पाण्याला लागणार नाही अशी. खिडकीला हिरव्या नेटचा दुहेरी तुकडा, कारण आपल्याकडे मार्चनंतर पूर्वेचं ऊनही नऊ वाजता चटके देतं, आणि पश्चिमेच्या गॅलरीतल्या मुक्कामात मावशीच्या झाडाच्या एका पानावर आधीच पांढरा भाजका डाग पडला होता, तो डाग कधी जात नाही, पानाबरोबरच जातो. दुपारी कूलर लागला की त्याचा गारवा स्वयंपाकघरापर्यंत येतो. कूलर हे ऑर्किडसाठी आपल्याकडचं सगळ्यात चांगलं यंत्र आहे असं माझं मत आहे, एसी हवा सुकवतो, कूलर ओली करतो. फक्त थेट झोत नको. रात्री जेवणं झाली की कुंडी गच्चीच्या जिन्यात वाऱ्याला आणि सकाळी सातच्या आत परत माठाशी. हे मी रोज केलं असं नाही, आठवड्यातून चार-पाच रात्री केलं असेल, बाकीच्या रात्री झोप लागून गेली.

पाण्याच्या बाबतीत दोन गोष्टी. एक तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी, मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर हात भाजतो, ते पाणी कुठल्याच झाडाला घालू नका, ऑर्किडला तर नाहीच. दुसरं बोअरचं पाणी. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मी मोजला तर साडेसातशेच्या वर, भांड्यांवर पांढरा थर येतो तोच थर सालीवर आणि मुळांवर बसतो आणि मुळाचं टोक जळतं. आरओचं पाणी ४० च्या आसपास, तेच रात्री घमेल्यात काढून ठेवायचं आणि सकाळी कुंडी त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून, पूर्ण निथळून, परत जागेवर. किती दिवसांनी? याला आकडा नाही. पारदर्शक कुंडी त्यासाठीच, आतली मुळं चांदीसारखी दिसली आणि कुंडी हलकी लागली की बुडवायची, हिरवी दिसतात तोवर हात लावायचा नाही. मार्चच्या शेवटी पाच दिवसांनी लागत होतं, मेमध्ये एक दिवसाआड. मावशीच्या मुलाने मधेच बर्फाचे खडे ठेवायची आयडिया पाठवली, आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नाहीये, अमेरिकेत ओहायो आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांनी २०१७ मध्ये सालीत लावलेल्या फॅलेनॉप्सिसवर करून बघितलं आणि आठवड्याला तीन खडे दिलेल्या झाडांची फुलं तेवढीच टिकली. पण ती घरातली सुदृढ फुललेली झाडं. आमच्याकडे मेमध्ये तीन खडे म्हणजे नुसता घसा ओला.

खत बंद. पूर्ण उन्हाळाभर काही नाही. ज्याला मुळंच पाच त्याला चमचाभर १९:१९:१९ म्हणजे जखमेवर मीठ, मावशीच्या त्या चमच्याने उरलीसुरली मुळंही भाजली असणार.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मावशी माहेरी आली, मामाकडे न जाता आधी आमच्याकडे, चप्पल काढायच्या आत माठाशी. दोन्ही पिवळी पानं गळून गेलेली, तीन राहिलेली, ती अजूनही मऊच. 'हे तर अजून बारीक झालं गं,' आणि तेवढ्यात सांजोरीचा डबा काढता काढता परत, 'एवढं करून हेच?' मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं, दिसायला काहीच झालं नव्हतं. मी कुंडी उचलून उजेडात धरली आणि आत दाखवलं, पाचही मुळं टणक, एकाच्या टोकाला करडईच्या दाण्याएवढं हिरवं. मावशी म्हणाली, एवढ्यासाठी दोन महिने? हो, एवढ्यासाठीच. मे महिन्यात याच्याकडून वाढ मागायची नाही, आहे तेवढं टिकलं तर जिंकलो.

पावसाळ्याने चित्र पालटलं. जूनच्या मध्यावर दोन-तीन चांगल्या सरी आल्या, हवा ओली झाली, रात्री पंचविसाच्या खाली आल्या आणि पंधरा दिवसांत त्या टोकाचं बोटभर मूळ झालं, खोडातून आणखी दोन फुटली. पानं ताठ व्हायला ऑगस्ट उजाडला, आणि जुन्या सुरकुत्या काही पूर्ण गेल्या नाहीत. आता खत सुरू केलं, तेच १९:१९:१९, पण लिटरला पाव ग्रॅम, चिमूटभरच म्हणा, आठवड्यातून एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने भरपूर धुऊन काढायचं. पत्र्यावरून येणारं पावसाचं पाणी पहिली सर सोडून बादलीत धरायचं, याच्याइतकं चांगलं पाणी ऑर्किडला दुसरं नाही.

पावसाळ्यात धोका वरून असतो. केळीवाल्यांना पोंगा सांगायला नको, याचाही पोंगा असतो, मधली पानं जिथून निघतात ती वाटी, तिच्यात पाणी साचलं आणि दोन ढगाळ दिवस गेले की पोंगा सडतो, आणि या झाडाला एकच पोंगा, तो गेला की पुढची वाढच संपली. बाजूने पिल्लू आलं तर आलं. काकांना हे फोनवर सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ते या झाडाबद्दल गंभीर झाले. पाणी गेलंच तर टिश्यू पेपरची वात करून टिपून घ्यायचं आणि पंखा लावायचा. जुलैत पानाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूणही निघाला, कापूस लावलेल्या काडीने सर्जिकल स्पिरिट पुसून तीन आठवड्यांत संपवला, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही.

कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या, रविवारी सगळे धुळ्यात जमलो, रोट झाले, आणि परत जाताना मावशी झाड घेऊनच गेली, श्रावणातली हवा चांगली होती म्हणून मीही दिलं. आठवड्यात फोन, आवाज चढलेला, दांडा आला, दांडा आला. फोटो बघितला तर मूळ. दोन्ही पानांच्या बुडातूनच फुटतात त्यामुळे पहिले काही दिवस फसगत होते, मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत हिरवं आणि बहुतेक खाली वळणारं, दांड्याचं टोक चपटं, लहान मुलाच्या बोटमोज्यासारखं, एका बाजूला अंगठा असल्यासारखं, आणि तो वर जातो. मी म्हटलं मूळ आहे, आणि मला दांड्यापेक्षा याचाच जास्त आनंद आहे. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही.

दांडा आला डिसेंबरात. यात आपलं कर्तृत्व कमी आणि खानदेशच्या थंडीचं जास्त. रात्र काही आठवडे पंधरा-वीसच्या घरात राहिली की फॅलेनॉप्सिसला फुलायचा इशारा मिळतो, मोठ्या ग्रीनहाऊसमध्ये यासाठी मुद्दाम तापमान २६ च्या खाली आणून ठेवतात, म्हणून तर आपल्याला कुठल्याही महिन्यात फुललेली कुंडी विकत मिळते. आपल्याकडे नोव्हेंबरच्या रात्री हे फुकट करून देतात. फक्त पुढे धुळ्यात पारा सहा-सातपर्यंतही खाली येतो, जळगावातही कडाका पडतो, आणि दहाच्या खालची थंडी याला सोसत नाही, त्यामुळे नोव्हेंबरात खिडकीत आणि संक्रांतीच्या आसपास खिडकीपासून आत, असं मावशीला सांगून ठेवलेलं.

तोवर झाडाची स्थिती अशी, पानं चार, त्यातलं एक नवीन आणि आधीच्यांपेक्षा आखूड, मुळं नऊ. माझं मत, दांडा काढून टाक. आधी वर्षभर पानं होऊ दे. नवीन पान जुन्यापेक्षा लहान येतंय म्हणजे झाड अजून सावरलेलं नाही, फुलायला लागलं तर साठवलेलं सगळं तिकडे जाईल. मावशीचं मत, मी नाही कापणार. मागच्या वेळी तू कापलास, मी बोलले नाही, आता नाही. काका मधे पडले, केळीत शेवटच्या फण्या आणि कमळ, म्हणजे केळफूल, कापतो तेव्हा वरच्या फण्या भरतात, तसं काही याचं होतं का? होतं की. मी वर्षभर हे झाड सांभाळतेय, मला नव्हतं सुचलं. दांडा वाढू द्यायचा, तीन कळ्या दिसल्या की पुढचं टोक नखाने खुडायचं. मावशी पाचावर अडली होती, तीनवर ठरलं.

जानेवारीच्या शेवटी टोक खुडलं. फेब्रुवारीत दोन फुलं उमलली, तिसरी कळी पिवळी पडून गळली. फुलं पहिल्यापेक्षा लहान होती, जांभळी झाक तीच. दुसरं फूल पडलं की दांडा बुडापासून कापायचा हे मावशीकडून कबूल करून घेतलंय, कापेल की नाही माहीत नाही.

परवा फोटो आला, मला वाटलं फुलांचा. तर कुंडीचा, खिडकीच्या उजेडात उचलून धरलेली, बाजूला काकांचा अंगठा, आत सगळी मुळं पांढरीफटक. खाली लिहिलेलं, 'कुंडी हलकी लागतेय, आज बुडवू की उद्या?'

मी लिहिलं, उद्या सकाळी, आणि पाणी रात्रीच काढून ठेव.